हवालदार, पाव्हणे आणि मानस: जत्रेच्या रहस्यनाटकाच्या कामाच्या नोंदी

15 नोव्हेंबर 2024, शुक्रवार

देवस्थान समितीने माघ पौर्णिमेचा नाटकाचा दिवस आमच्या मंडळाला दिला. तारीख 12 फेब्रुवारी. आजवर आमच्या मांडवात ऐतिहासिक झालं, पौराणिक झालं, कौटुंबिक तर इतकं झालं की तिसऱ्या अंकात कोण रडणार हे पोरांनाही पाठ असतं. यंदा रहस्यनाटक करायचं ठरलं. बाहेरचं तयार नाटक घ्यायचं नाही, आपणच लिहायचं. लिहायचं काम माझ्याकडे आलं.

ठोकताळा असा: नदीतलं बेट, फेरीबोटीशिवाय वाट नाही. जुन्या घराचा होमस्टे केलेला. पुण्यामुंबईचे पाव्हणे, त्यांतला एकजण मरतो. पोलीस म्हणजे आउटपोस्टवरचा एकटा हवालदार, ज्याला पाव्हणे जमेत धरत नाहीत. महाराष्ट्रातल्या नाटकात इथे पोलीस पाटील आला असता. गोव्यात तो नाही. पोर्तुगीज काळात गावागावांत रेजिदोर होता, पण त्याला आजच्या होमस्टेत कुठून आणणार? म्हणून हवालदारच.

दोन अंक. पात्रं आठ, त्यांत बायका तीन.

24 नोव्हेंबर, रविवार

पहिलं वाचन देवळाच्या सभामंडपात. गावातले बरेच जण ऐकायला आले. बोलवायला नको होतं असं काहींचं मत आहे. माझं नाही.

पहिल्या खर्ड्यातलं रहस्य मानशीवर बांधलं होतं. खाजन शेती न पाहिलेल्यांसाठी: खाऱ्या नदीच्या काठाला बांध, बांधाच्या आत भातशेती, आणि बांधात एक दरवाजा, ती मानस. ओहोटीला आतलं पाणी रेटून दार उघडतं आणि पाणी नदीत जातं. भरती चढली की नदीच्या पाण्यानेच दार मिटतं. दाराच्या तोंडाशी मासे धरायचा हक्क दरवर्षी पावणीत, म्हणजे लिलावात जातो. नाटकात मृतदेह मानशीच्या आतल्या बाजूला, जाळ्यात सापडतो. सगळे म्हणतात नदीतून वाहत आला. शेवटच्या प्रवेशात हवालदार सांगतो की भरतीला दार बंद असतं, तेव्हा नदीतून आत यायला वाटच नाही. म्हणजे खून आतल्या बाजूला, होमस्टेच्या मालकाकडून.

अकराव्या पानावर मागून एक आजी म्हणाल्या, "मानशीचें दार भरतेक धांपता. तो भितर कसो पावलो?" म्हणजे भरतीला दार मिटतं, मग तो आत कसा पोचला? त्यानंतर कोणी नाटक ऐकलं नाही, सगळे पुढचं सांगायला लागले. खुनी कोण तेही तेराव्या पानाच्या आत सांगून झालं.

खर्डा रद्द. ज्यांना लिहायचंय त्यांनी हे लक्षात घ्यावं: शहरातल्या प्रेक्षकाला जो धागा शेवटी दाखवायचा, तो आपल्या प्रेक्षकाला पहिल्या पाच मिनिटांत दिसतो. हवालदाराला गावाची माहिती आहे एवढ्याने तो हुशार ठरत नाही, कारण मांडवातल्या प्रत्येकाला तीच माहिती आहे.

1 डिसेंबर, रविवार

आठवडाभर दोन वाटा घोटाळत होत्या. एक म्हणजे मानस काढून टाकायची आणि विष, मृत्युपत्र, जुळे भाऊ वगैरे आणायचे. प्रकाशयोजना करणारा मित्र याच बाजूचा. दुसरी, मानस ठेवायची आणि गावाला जे पक्कं ठाऊक आहे त्यावरच गावाला फसवायचं.

दुसरी धरली. भरतीला दार मिटतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण कोळंबीच्या लोभाने भरतीच्या वेळी दार मुद्दाम उघडं ठेवलं जातं आणि मग खारं पाणी शेतात घुसतं, हेही सगळ्यांना माहीत आहे. फरक इतकाच की हे दुसरं कोणी चारचौघांत बोलत नाही. त्या रात्री मानशीवाल्याने दार उघडं ठेवलं होतं. म्हणजे देह नदीतूनच आला. पहिल्या अंकात गाव छातीठोकपणे म्हणेल "नदीतून येणं शक्य नाही", हवालदारही तसंच म्हणेल, आणि दोघंही चुकतील.

काळ बदलला. आधी पौर्णिमा होती, आता नाटकातली रात्र 30 डिसेंबरची, सोमवारची अमावास्या. उधाण तसंच, वर अंधार मिळतो. आणि दुसऱ्या दिवशी 31 डिसेंबर, त्यामुळे सगळे पोलीस कळंगुट-बागाच्या बंदोबस्ताला. हवालदार एकटा का, याचं उत्तर आपोआप मिळालं. आधीच्या खर्ड्यात त्यासाठी वादळ आणलं होतं. डिसेंबरात वादळ!

8 डिसेंबर, रविवार

वेळेचं गणित. इथे बराच वेळ गेला पण नाटक उभं राहिलं ते यावरच.

तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते, हा कोकणातला जुना हिशेब. अमावास्या-पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकरा. नदीत आत गेलं की थोडं पुढे सरकतं. म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पाणी चढायला लागतं, सव्वाअकराला भरतं आणि पहाटे पाचच्या पुढे ओहोटी तळाला जाते.

पाव्हण्यांतली डॉक्टरबाई सकाळी देह तपासून सांगते: पहाटे कयाक घेऊन पक्षी बघायला गेले असतील, हृदयविकाराने गेले, तासाभरापूर्वी. पहाटे बाई बाकीच्यांबरोबर व्हरांड्यात योगासनं करत होत्या. पण पहाटे पाणी बाहेर पडत असतं. पहाटे मेलेला माणूस पणजीच्या दिशेने वाहत जाईल, मानशीत शिरणार नाही. तो आत शिरला म्हणजे भरतीत शिरला, म्हणजे रात्री सव्वाअकराच्या आत.

घड्याळ सगळ्या पाव्हण्यांकडे आहे, तिथी कोणालाच माहीत नाही. खुनी डॉक्टरबाईलाही नाही.

14 डिसेंबर, शनिवार

आमच्या वाड्यावर एक निवृत्त हेड कॉन्स्टेबल आहेत, सगळे त्यांना दादा म्हणतात. संहिता त्यांना वाचायला दिली. त्यांनी चहा होईपर्यंत वाचली आणि म्हणाले, "पात्रांव, हें चलचें ना." हे चालणार नाही.

पहिला मुद्दा देहाचा. बुडालेला माणूस आधी तळाला जातो. वर यायला एक-दोन दिवस लागतात. तासाभरात तरंगत मानशीत कसा शिरेल? यावर मी गप्प. उपाय त्यांच्या सुनेने सुचवला: कयाकवाल्याचं नारिंगी जॅकेट अंगात असू दे. मग तो तरंगतोच. आणि फुकटात पहिल्या अंकाचा पडदा मिळाला. देह वर काढतात, टॉर्च पडतो, हवालदार म्हणतो, "जॅकेट घालून माणूस बुडाला कसा?" पडदा.

दुसरा मुद्दा देहाच्या ताठरपणाचा. दादांनी नोकरीत नदीतून बरेच देह काढलेत. तासाभरापूर्वी मेलेल्याचे पाय लाकडासारखे नसतात, फार तर जबडा आणि मान धरलेली असते. साडेसहाला पायही ताठ असतील तर मरण रात्रीचं. हे हवालदाराला दिलं. देह उचलताना तो फक्त "पाय धर, वाकत नाहीत" एवढंच मानशीवाल्याला म्हणतो. डॉक्टरबाई शेजारी उभी. प्रेक्षकांच्या लक्षात नाही आलं तरी हरकत नाही, दुसऱ्या अंकात परत येतं.

तिसरा मुद्दा कायद्याचा, यात सगळ्यात जास्त पानं गेली. दादा जुन्या कलमांचे, त्यांचा भाचा वकील आहे, त्याने नवी सांगितली. 1 जुलै 2024 पासून नवे कायदे लागू आहेत. खून आता भारतीय न्याय संहितेचं कलम 103. "तीनशे दोन लावीन" हे वाक्य हवालदाराच्या तोंडून काढलं आणि बिल्डरला दिलं. हवालदार म्हणतो, "साहेब, 302 आता धार्मिक भावना दुखावण्याचं." हशा नक्की.

खुनाचा तपास हवालदार करत नाही. पंचनामा, मामलेदाराला कळवणं, देह शवचिकित्सेला बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात, व्हिसेरा वेर्ण्याच्या प्रयोगशाळेत, हे सगळं वरचे अधिकारी करणार, आणि त्या प्रयोगशाळेचा अहवाल काही एका रात्रीत येत नाही. हवालदाराने करायचं ते म्हणजे जागा राखायची आणि कोणाला बेट सोडू द्यायचं नाही. माझ्या खर्ड्यात तो सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून तासभर भाषण देत होता. भाषण कापलं. तो जागा राखतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलतो. नाटक जास्त चांगलं झालं.

कबुलीचंही तसंच. पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 23. डॉक्टरबाई रडत सगळं सांगते आणि हवालदार हातकडी काढतो, हा शेवट म्हणजे खटल्याचाही शेवट. शिवाय सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अगदी अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची. बेटावर महिला अधिकारी कुठून आणायची, तीही 31 डिसेंबरच्या रात्री?

दादांना वाटलं मी निराश होईन. उलट मला दुसरा अंक मिळाला. खुनी कोण हे हवालदाराला रात्री दहाला कळतं. तो काहीच करू शकत नाही. पहिली फेरी सकाळी. बाई त्याला अख्खी रात्र विचारते, "मग धरा ना मला!" पलीकडच्या काठावर नववर्षाचे फटाके. हा बाकड्यावर बसून राहतो.

22 डिसेंबर, रविवार

पात्रवाटप. हवालदार आमचा फेरीबोटीवरचा खलाशी, उंचीने लहान, आवाज मोठा. बिल्डर, बिल्डरचा भागीदार (मरतो तो) आणि दरवर्षी येणारा इंग्रज पाव्हणा, तिघंही गावातलेच. स्त्री पात्रं दोन बाहेरून आणावी लागली. डॉक्टरबाईचं काम करणारी फोंड्याकडची, दरवर्षी पंधरावीस जत्रांत काम करते. मानधन 7,000, तालमींना येण्याजाण्याचे वेगळे. दुसरीचे 5,000. तिसरी, होमस्टेची मालकीण, गावातल्याच शिक्षिका, पैसे नको म्हणाल्या.

भाषेचा निर्णय झाला: हवालदार पाव्हण्यांशी मराठीत बोलणार, मानशीवाल्याशी कोंकणीत. पाव्हण्यांना त्यांचं बोलणं कळत नाही, आणि पुराव्याची सगळी बोलणी त्यांच्यासमोरच होतात.

खुनाचं कारण जमिनीच्या खोट्या कागदपत्रांचं ठेवलंय. डॉक्टरबाईने आयुष्याची पुंजी भागीदाराच्या प्लॉटमध्ये घातली, प्लॉट दुसऱ्याच्याच नावावर. 2022 मध्ये सरकारने जमीन हडप प्रकरणांसाठी विशेष तपास पथक नेमलं, तेव्हापासून गोव्यात याची फोड करून सांगावी लागत नाही. चार वाक्यांत उरकलं.

5 जानेवारी 2025, रविवार

नाताळपासून आजपर्यंत तालीम शून्य. मंडळातले निम्मे लोक शॅकवर, टॅक्सीवर किंवा हॉटेलात. पाव्हण्यांचं काम करणारे सगळे पाव्हण्यांच्या सेवेत होते! नाटक बसवणाऱ्यांनी 20 डिसेंबर ते 3 जानेवारी हे दिवस वेळापत्रकात धरूच नयेत.

फायदा एक झाला. बिल्डरचं काम करणारा पोरगा हॉटेलात रिसेप्शनला असतो. तो नवीन लकबी घेऊन आला: बोलताना चावी बोटावर फिरवणं, नाव न विचारता "बॉस" म्हणणं, फेरीबोटीला किती पैसे पडतात हे विचारून पायी जाणाऱ्याला फुकट आहे म्हटल्यावर संशयाने बघणं. सगळं ठेवलं.

13 जानेवारी, सोमवार

पौष पौर्णिमा. रात्री दादा, मी आणि हवालदाराचं काम करणारा मानशीवर वेळा तपासायला. आमच्या मानशीवर पाणी सव्वाअकराला नाही, बारा वाजायला आले तेव्हा थांबलं. सव्वाअकरा हा गावाचा हिशेब, तोच नाटकात ठेवायचा, नाहीतर पुढच्या रांगेतून दुरुस्त्या येतील. पण हवालदाराच्या तोंडी "सव्वाअकरा, इथे थोडं उशिरा" घातलं.

जॅकेट घातलेला नारळाचा भारा पाण्यात सोडून बघितला. भरतीत तो धक्क्यावरून मानशीच्या दिशेने आला, पण तिवरांच्या मुळांत अडकला. म्हणून संहितेत कयाक धक्क्यावरून नाही, मानशीच्या अगदी तोंडाजवळ सुटते. काळोखात चमकणारं पाणी दाखवायच्या मिषाने बाई त्याला तिथे नेते. त्याआधी जेवणातून गुंगीचं औषध.

19 जानेवारी, रविवार

अवघड प्रकरण. यंदा ज्यांनी मानस घेतलीय त्यांच्या घरून समितीकडे निरोप आला: नाटकात आमच्यावर शिंतोडे आहेत. समिती म्हणाली, मानशीवाल्याचा भाग काढा. तो काढला तर खून राहतो आणि उलगडा जातो.

बोलणी करून एवढं ठरलं की नाटकातला मानशीवाला चोर म्हणून जाता कामा नये. दुसऱ्या अंकात त्याला एक प्रवेश वाढवून दिला. दार उघडं होतं हे फक्त त्यालाच माहीत आहे. तो बोलला नाही तर डॉक्टरबाई सुटते, बोलला तर शेतकऱ्यांसमोर तोंड दाखवता येत नाही आणि पुढच्या पावणीला कोणी त्याला बोली लावू देत नाही. हवालदार त्याच्यावर जोर करत नाही. साक्ष हीच, कबुली नव्हे. त्यामुळे कायद्याचंही भागलं.

ज्यांनी मानस घेतलीय ते स्वतः संध्याकाळी तालमीला आले. मागे बसून पूर्ण अंक बघितला. शेवटी उठून रंगमंचावर आले आणि म्हणाले, जाळं उलटं टांगलंय. सुलटं करून दिलं आणि गेले. बाकी विषय काढला नाही, आम्हीही नाही.

2 फेब्रुवारी, रविवार

ड्रेपरीवाल्याकडून गणवेश आला, खांद्यावर आणि टोपीवर महाराष्ट्र पोलीस. परत पाठवला, दुसरा आला तो दोन मापं मोठा. शेवटी शिंप्याकडून शिवून घेतला, 1,900 रुपये. हेड कॉन्स्टेबलच्या तीन फिती दादांनी स्वतः बसवल्या.

मानशीचं दार प्लायवूडचं केलं. उघडमीट होताना डबा वाजल्यासारखं वाजायचं, लोक हसतील. आतून जुनं गोणपाट ठोकल्यावर गप्प झालं. लाकूडकाम आणि रंग मिळून 9,400.

आता आवाजाची वेळ. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा 2000 सालच्या नियमांचा भाग. सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देतं, त्यात आमचा दिवस बसला नाही. आमच्या आजोबांच्या वेळी नाटक अकराला सुरू होऊन उजाडता संपायचं, म्हणजे हवालदाराचा सूर्योदय खरोखर सूर्योदयाला आला असता. आता सातला पडदा उघडायचा आणि दहाच्या आत सूर्य उगवायचा. पहिल्या अंकातून बारा पानं कमी केली. इंग्रज पाव्हण्याचं गाणं गेलं. त्याचं काम करणारा अजून बोलत नाही.

9 फेब्रुवारी, रविवार

रंगीत तालीम. दोन तास चाळीस मिनिटं. बाकड्यावरचा शेवटचा प्रवेश रेंगाळतो असं सगळ्यांचं म्हणणं. डॉक्टरबाई मात्र म्हणाल्या की एकही ओळ कापू नका, नाहीतर मी येत नाही. पंधरावीस जत्रांचा अनुभव आहे, ऐकलं.

12 फेब्रुवारी, बुधवार

सातचा पडदा सातला नाही उघडला. पावणी लांबली. एका नारळाच्या बोलीवरून दोन वाडे हट्टाला पेटले आणि आम्ही रंग लावून विंगेत बसलो. पडदा आठला दहा मिनिटं असताना उघडला.

पहिल्या अंकात हवं ते झालं. देह जाळ्यात दिसताच पहिल्या दहा रांगांतून "दार धांपता, दार धांपता" सुरू. हवालदारानेही तेच म्हटल्यावर टाळ्या. जॅकेटच्या वाक्याला शांतता. मध्यंतरात चहाच्या गाड्यावर सगळे होमस्टेच्या मालकिणीला पकडून होते.

दुसऱ्या अंकात मानशीवाला म्हणतो, "दार उक्तें आशिल्लें. हांवेंच दवरिल्लें." दार उघडं होतं, मीच ठेवलं होतं. मांडवात एकदम कुजबूज. कोणी कोणाकडे बघितलं ते मी विंगेतून बघितलं, इथे लिहीत नाही.

दहा वाजले तेव्हा बाकड्याचा प्रवेश अर्धा बाकी होता. ध्वनिक्षेपक बंद केला. बाकीचं नाटक तोंडी. पुढच्या निम्म्या मांडवाला ऐकू आलं, मागच्यांना नाही. मागे बसलेल्यांपैकी काही उठून पुढे आले आणि खाली बसले, काही घरी गेले. फटाक्यांचा आवाज ध्वनिमुद्रित होता तो गेलाच. एकाने मागे पत्र्यावर काठी वाजवली, ती उगाच होती.

16 फेब्रुवारी, रविवार

हिशेब. ध्वनी आणि प्रकाश 22,000. स्त्री पात्रं 12,000 आणि प्रवास 3,600. लाकूडकाम 9,400. ड्रेपरी आणि गणवेश 6,300. रंगभूषा 3,000. चहा-भजी 4,150. एकूण 60,450. समितीकडून 40,000, देणग्या 17,500. तूट 2,950, मंडळाच्या पेटीतून.

सत्तरी तालुक्यातल्या एका गावाने शिगम्यानंतर प्रयोग मागितलाय. तिथे डोंगर, नदीला भरती नाही, मानस नाही. तिथल्या प्रेक्षकाला दार कधी मिटतं हे आधी सांगावं लागेल, आणि सांगितलं की शंका तिथेच जाणार. दादांचं म्हणणं, नीट दाखवा: पहिल्या प्रवेशात मानशीवाला इंग्रज पाव्हण्याला दार कसं चालतं ते हाताने करून दाखवतो, भरती, ओहोटी, धांपलें, उक्तें. तो पाव्हणा तसाही रिकामा आहे. त्याचं गाणंही तिथेच परत बसवता येईल. उद्या संध्याकाळी तेवढाच प्रवेश उभा करून बघायचा. इंग्रजाला निरोप धाडलाय.